यंत्राचा हात आणि पाटणचा गुडघा

झिजलेला सांधा काढून त्या जागी धातूचा व प्लास्टिकचा सांधा बसविण्याची शस्त्रक्रिया आता नवलाची राहिलेली नाही. 2000 व 2001 साली तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचे दोन्ही गुडघे मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात डॉ. चित्तरंजन राणावत यांनी बदलले, तेव्हापासून ती घरोघरी ठाऊक झाली. आता या शस्त्रक्रियेत रोबोटही सहभागी झाला आहे, आणि त्याची कीर्ती पुण्या-मुंबईहून निघून जाहिरातींच्या वाटेने पाटणसारख्या डोंगरी तालुक्यापर्यंत पोचली आहे. यंत्राने करून घ्यावे की हाताने, हा प्रश्न आता तेथील घरांतही निघणार. म्हणून त्याचा शांतपणे विचार करणे अगत्याचे आहे.

रोबोट स्वतःच शस्त्रक्रिया करतो, हा समज प्रथम दूर केला पाहिजे. आज प्रचारात असलेल्या एका प्रमुख पद्धतीत रुग्णाच्या सांध्याचा सी. टी. स्कॅन काढून संगणकावर हाडाची त्रिमितीय प्रतिमा तयार करतात आणि कोठे किती हाड कापावयाचे, हे आधीच ठरवितात. हाडांत बसविलेल्या खुणांवर कॅमेऱ्याची नजर असते. करवत सर्जनच्याच हाती असते. ती आखलेली सीमा ओलांडू लागली की यंत्राचा हात तिला अडवितो. म्हणजे निर्णय माणसाचा आणि रेषेचा काटेकोरपणा यंत्राचा.

हा काटेकोरपणा खरा आहे, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. परंतु हाड अचूक कापले जाणे आणि रुग्ण सुखाने चालू लागणे, या दोन गोष्टी एक नव्हेत. अमेरिकेत 1992 साली रोबोडॉक या यंत्राने माणसाच्या खुब्याच्या शस्त्रक्रियेत प्रथम साह्य केले. पुढे याच यंत्राचा गुडघ्यासाठी उपयोग करून दक्षिण कोरियात सुमारे 1,400 रुग्णांची दहा वर्षांहून अधिक काळ पाहणी झाली. तिचे निष्कर्ष 2020 साली प्रसिद्ध झाले. रुग्णांची हालचाल व सांध्याचे आयुष्य या दोन्ही बाबतींत यंत्र आणि कुशल हात यांत लक्षणीय अंतर आढळले नाही. नवी यंत्रे त्याहून सुधारलेली आहेत, हे खरे. परंतु तितक्याच दीर्घ कसोटीला ती अद्याप उतरावयाची आहेत.

पाटणचा गुडघा झिजतो कशाने, हेही पाहिले पाहिजे. या तालुक्यातील माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या बाजारपेठांत पाठीवर पोती वाहिली. माथाडी कामगारांना 1969 च्या कायद्याचे संरक्षण ज्यांच्या लढ्याने मिळाले, ते अण्णासाहेब पाटील याच तालुक्यातील मंद्रुळकोळ्याचे. म्हातारपणी गावी परतलेल्या हमालास आणि आयुष्यभर चढउतारावर पाण्याच्या घागरी व सरपणाच्या मोळ्या वाहिलेल्या त्याच्या घरधनिणीस हवे असते ते इतकेच की, उतारावरून कोणाचा हात न धरता उतरता यावे, जमिनीवर मांडी घालून बसता यावे. पुण्याचे डॉ. कांतिलाल संचेती यांनी भारतीय बैठकीचा विचार करून ‘इंडस’ हा गुडघा घडविला, तो याच गरजेची जाण ठेवून. ही गरज यंत्राच्या चकाकीने भागत नाही.

त्यातून खर्चाचा प्रश्न. केंद्र सरकारच्या औषध किंमत प्राधिकरणाने ऑगस्ट 2017 मध्ये गुडघ्याच्या प्रचलित कोबाल्ट-क्रोमियम सांध्याची कमाल किंमत कराव्यतिरिक्त 54,720 रुपये ठरविली, तेव्हा त्याआधी रुग्णांची केवढी लूट चालली होती, ते उघड झाले. मात्र ही मर्यादा सांध्यावर आहे, यंत्राच्या आकारावर नव्हे. पुढल्या दाराने हुसकावलेली महागाई मागल्या दाराने शिरावी, याला धोरण म्हणत नाहीत. महात्मा जोतिराव फुले योजनेचे संरक्षण प्रत्येक कुटुंबास 5 लाखांपर्यंत वाढविण्याचा निर्णय राज्य सरकारने 2023 साली घेतला. त्या आधाराने येणाऱ्या रुग्णास “साधी शस्त्रक्रिया कमी प्रतीची” असे भासवून शेत गहाण टाकावयास लावणे हा अन्याय होईल.

नव्याला भुलल्याची किंमत देशाने एकदा मोजली आहे. डिप्यू कंपनीचा धातूवर धातू घासणारा खुब्याचा सांधा 2010 साली जगभरातून परत मागविला गेला. भारतात तो सुमारे 4,700 शस्त्रक्रियांत बसविला गेला होता. त्यांपैकी तीन हजारांहून अधिक रुग्णांचा ठावठिकाणाच लागला नाही. कारण त्यांची सक्तीची नोंद कोणी ठेवलीच नव्हती. स्वीडनने गुडघ्यांची नोंदवही 1975 सालीच उघडली. आपल्याकडील अस्थिशल्यविशारदांच्या संघटनेची नोंदवही ऐच्छिक आहे, आणि ऐच्छिक नोंदीत नेमके अपयश तेवढे गळून पडण्याचा धोका असतो.

आमचा यंत्राला विरोध नाही. आमचे मागणे दोनच गोष्टींचे आहे. बदललेल्या प्रत्येक सांध्याची, हाताने बसविलेल्या व यंत्राने बसविलेल्या, सक्तीची नोंद राज्याने ठेवावी आणि तिचे निष्कर्ष लोकांपुढे मांडावेत. तसेच यंत्रापोटी घेतला जाणारा आकार बिलात वेगळा दाखविण्याचे बंधन रुग्णालयांवर घालावे. यंत्र खरोखर सरस असेल तर ही नोंदवहीच ते सांगेल, आणि मग ते गरिबासही मिळाले पाहिजे, असे म्हणणाऱ्यांत आम्ही पहिले असू. तोवर यंत्राची परीक्षा जाहिरातीच्या फलकावर नव्हे, पाटणच्या उतारावर व्हावी.