सांडपाण्याचा हिशेब वेगळा मांडा

मा. आयुक्त,
पुणे महानगरपालिका



गुलटेकडीच्या मार्केट यार्डात भुसाराच्या गाळ्याला पाणी लागतं ते चहापुरतं आणि हातपाय धुण्यापुरतं. गूळ, ज्वारी, डाळींना ओलाव्याची उलट भीतीच. भाजीपाल्याच्या विभागात मात्र कोबीचा पाला, कोथिंबिरीच्या काड्या आणि धुण्याचं पाणी मिळून चेंबरची वाट धरतात. खाणावळींचं तेलकट पाणी त्यातच. चेंबर तुंबलं की जेटिंगची गाडी येते आणि तिचा खर्च सगळ्या शहरावर पडतो.

मलनिस्सारणाचा कर आपण मिळकतीच्या करपात्र मूल्यावर लावता. कोणी किती पाणी सोडलं, ते कसलं होतं, याची त्या बिलात नोंदच नसते.

घरांचंही तेच. मालक स्वतः राहत असेल तर करपात्र मूल्यात 40 टक्के सवलत मिळते. ती काढली गेली तेव्हा लोक चिडले आणि 2023 मध्ये ती परत आली, हे योग्यच झालं. पण एकाच मजल्यावर मालकाचं आणि भाडेकरूचं कुटुंब राहत असेल, संडास-मोऱ्या सारख्याच असतील, तरी भाड्याच्या घरावर मलनिस्सारणाचा कर जास्त बसतो. भाडेकरूचं मैलापाणी जास्त घाण असतं की काय?

हा प्रश्न आताच काढण्याचं कारण नदीकाठी उभं राहतंय. जपानच्या जायका संस्थेशी जानेवारी 2016 मध्ये कर्जाचा करार झाला. 11 मैलापाणी शुद्धीकरण प्रकल्प, रोजची क्षमता 396 दशलक्ष लिटर, मूळ खर्च सुमारे 990 कोटी आणि त्यातला 85 टक्के वाटा केंद्राचा. बांधायला दिल्लीचा पैसा मिळाला. चालवायची वीज, पंपांची दुरुस्ती, गाळाची विल्हेवाट आणि माणसांचे पगार मात्र आपल्यालाच भागवायचे आहेत, तेही कायमचे.

मुंबईत मलनिस्सारण आकार पाणीपट्टीच्या 70 टक्के असतो. जितकं पाणी वापराल तितका आकार. हे आपल्यापेक्षा बरं, पण मार्केट यार्डासाठी अपुरं, कारण लिटर मोजून घाण मोजली जात नाही. इंग्लंडमध्ये व्यवसायांच्या सांडपाण्याला मॉग्डेन सूत्र लावतात: पाणी किती आणि त्यात गाळ व सेंद्रिय भार किती, यावर दर ठरतो. जर्मनीतल्या अनेक शहरांत पावसाच्या पाण्याचं शुल्क वेगळं, छप्पर आणि फरसबंदीच्या क्षेत्रफळावर. यार्डातले पत्रे आणि काँक्रीट पाहिलं की पहिल्या मोठ्या सरीत रस्त्यावर किती पाणी येतं ते सांगायला नको.

मूल्यावरच्या कराच्या बाजूनेही एक मुद्दा आहे आणि तो मला पटतो. मोठ्या मिळकतीने जास्त भरावं. शिवाय नळ वापरा वा न वापरा, वाहिन्या शहराला लागतातच. म्हणून वाहिन्यांचा खर्च मूल्यावर राहू द्या. शुद्धीकरणाचा रोजचा खर्च मात्र पाण्याच्या मापावर न्या. समान पाणीपुरवठा योजनेत घरोघर मीटर बसत आहेत, ते शोभेला का ठेवायचे? घरगुती वापराचा पहिला टप्पा अगदी स्वस्त ठेवा. यार्डाजवळच्या वस्त्यांत सार्वजनिक शौचालयावर चालणाऱ्या कुटुंबांवर हा आकार नकोच. परगावाहून आलेल्या ट्रकचालकांच्या आणि हमालांच्या स्वच्छतागृहांचा खर्च बाजार समितीकडून घ्यायला हरकत नाही, तिचा सेस त्याच गर्दीतून उभा राहतो.

2017 आणि 2021 मध्ये हद्दीत आलेल्या गावांत जिथे वाहिनीच पोचलेली नाही, तिथे मलनिस्सारणाच्या लाभाचा कर कोणत्या लाभासाठी, हेही कळावं.

दर ठरवण्याआधी एक काम करा. येत्या अंदाजपत्रकात मलनिस्सारणाचा जमा-खर्च स्वतंत्र पानावर छापा: या करातून किती आले, वाहिन्यांवर किती गेले, प्रत्येक शुद्धीकरण प्रकल्पात एक हजार लिटरमागे किती लागले. त्या आकड्यांवर हरकती मागवा. भुसार गाळेवाले, भाजीचे आडते आणि भाडेकरू तिघेही वेगवेगळं बोलतील. दर त्यानंतर ठरवा.

आपला,
मार्केट यार्ड परिसरातील एक करदाता