ब्रॉडबँडचा वेग उंबरठ्याच्या आत अडतो तेव्हा

केंद्र सरकारने २०२३ मध्ये ब्रॉडबँडची व्याख्या बदलली आणि किमान वेगाची अट सेकंदाला ५१२ किलोबिटवरून २ मेगाबिटवर नेली. फायबर घरापर्यंत पोहोचलेल्या शहरी ग्राहकाला हा आकडा किरकोळ वाटला असेल. दूरध्वनीच्या जुन्या तांब्याच्या तारेवर डीएसएल सेवा घेणाऱ्याचे तसे नाही. एक्स्चेंजपासून चार-पाच किलोमीटर दूरच्या घरात तार कशीबशी या मर्यादेपर्यंत येते. तेथे दिवाणखान्यातील एखादा बिनफिल्टरचा फोनही तिला मागे खेचण्यास पुरेसा ठरतो.

‘पैसे भरतो तेवढा वेग मिळत नाही’ ही तक्रार देशातील डीएसएलइतकीच जुनी आहे. २००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने २५६ किलोबिटला ‘ब्रॉडबँड’ ठरवले आणि जानेवारी २००५ मध्ये बीएसएनएल व एमटीएनएल यांनी ही सेवा सुरू केली. मोडेमसोबत ग्राहकाच्या हाती एक छोटी पांढरी डबी पडत असे, ती म्हणजे स्प्लिटर. ती कशासाठी आहे, हे फारसे कोणी समजावून सांगितले नाही. त्या काळात त्यावाचून फार अडतही नव्हते. तार कित्येक मेगाबिट वाहू शकत असे, पण योजनाच २५६ किलोबिटची होती. घरातील वायरिंगने निम्मी क्षमता गिळली तरी ग्राहकाला त्याचा पत्ता लागत नसे. लक्षात येई ते एवढेच, की फोन वाजला की इंटरनेट तुटते.

१ जानेवारी २००७ पासून या दोन्ही कंपन्यांनी २ मेगाबिटपर्यंतच्या वेगाची घोषणा केली, पुढे योजना ४ आणि ८ मेगाबिटवर गेल्या. योजनेने घातलेली वेसण सैल झाली आणि तारेची खरी कुवत उघडी पडली. फिल्टरचा प्रश्न वेगाचा प्रश्न झाला तो तेव्हापासून.

त्यामागचे शास्त्र अवघड नाही. माणसाचा आवाज दूरध्वनीवर साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झच्या पट्ट्यात धावतो. एडीएसएलचा डेटा त्याच तारेवर सुमारे २५ किलोहर्ट्झच्या वर, ११०० किलोहर्ट्झपर्यंत चालतो. एडीएसएल-२ प्लस या सुधारित आवृत्तीत २२०० किलोहर्ट्झपर्यंत. फिल्टर फक्त खालचा पट्टा फोनकडे जाऊ देतो आणि वरचा अडवतो. त्यामुळे फोनमध्ये खरखर येत नाही आणि फोन उचलताना किंवा घंटी वाजताना तारेवर होणारी उलथापालथ मोडेमला जाणवत नाही. येथे एक गैरसमज दूर करायला हवा. फिल्टर वेग निर्माण करीत नाही. घराने हिरावलेला वेग तो परत मिळवून देतो. एक्स्चेंजपासूनच्या अंतराने गेलेला वेग कोणतीही डबी परत आणू शकत नाही.

आपल्याकडील घोळ मात्र निराळाच होता. खांबावरून किंवा इमारतीच्या डीपी बॉक्समधून आलेली जोडी कंपनीचा लाइनमन भिंतीवरच्या रोझेटपर्यंत आणून देई. त्यापुढे शयनगृहातील पॅरलल फोन, दुकानातील फॅक्स, कॉलर आयडीचा डबा ही सारी जोडणी ओळखीच्या वायरमनची. बऱ्याचदा घंटीच्या पातळ तारेने केलेली आणि विजेच्याच पाइपातून ओढलेली. संगणक असे आतल्या खोलीत. मग स्प्लिटर संगणकाच्या टेबलावर बसे आणि दिवाणखान्यातील फोन त्याच्या आधीच्या फाट्यावर थेट लागलेला राही. ग्राहकाच्या मते ‘फिल्टर बसवला आहे’. प्रत्यक्षात ज्या फोनासाठी तो हवा होता, तो फोन त्याच्या कक्षेबाहेरच. तारेला फोन न लावलेले मोकळे टोक असेल तर तेही निरुपद्रवी नसते. लहरी त्या टोकावर आदळून परततात आणि मूळ संकेताशी झुंजतात. याउलट चूकही होई. काही जण अतिसावधपणे मोडेमलाच फिल्टर लावत आणि मग लिंकचा दिवा पेटत नाही म्हणून तक्रार नोंदवत.

यावरची रीत सोपी आहे. स्प्लिटर तार घरात शिरते त्या पहिल्या रोझेटपाशीच बसवावा, तेथून मोडेमला स्वतंत्र तार न्यावी आणि बाकी सारे फोन स्प्लिटरच्या फोनच्या बाजूला घ्यावेत. ते जमणार नसेल तर प्रत्येक फोन, फॅक्स आणि कॉलर आयडीला स्वतंत्र फिल्टर लावावा. एकही सुटता कामा नये. दोष कोठे आहे याची परीक्षाही घरीच होते. पहिल्या रोझेटवर आतील सारी जोडणी सोडवून केवळ मोडेम जोडावा आणि त्याच्या माहितीच्या पानावर लाइनचा वेग व ‘एसएनआर मार्जिन’ पाहावे. मार्जिन ६ डेसिबलच्या खाली असेल तर लिंक वारंवार तुटण्याची शक्यता असते. मग एकेक फाटा परत जोडत जावे. ज्या फाट्याने आकडा घसरतो, तोच गुन्हेगार. सारे काढूनही आकडा तसाच राहिला तर दोष घराबाहेर, म्हणजे पावसात पाणी शिरलेल्या केबलच्या सांध्यात, गंजलेल्या डीपी बॉक्समध्ये किंवा निव्वळ अंतरात.

ही परीक्षा ग्राहकालाच करावी लागते, हे खरे दुखणे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २००६ मध्ये ब्रॉडबँडच्या गुणवत्तेचे नियम केले आणि ग्राहकाने घेतलेल्या वेगाच्या ८० टक्क्यांहून अधिक वेग देणे सेवा कंपन्यांवर बंधनकारक केले. पण कंपनीची तार नेमकी कोठे संपते आणि ग्राहकाची कोठे सुरू होते, हे घराच्या भिंतीवर कोठेच दिसत नव्हते. ब्रिटनमध्ये घरातील मुख्य सॉकेटच ही सीमा मानला जातो. त्याच्या खालच्या भागातील झाकण काढले की आतील सारे वायरिंग सुटते आणि चाचणीचे सॉकेट पुढे येते. तेथे वेग मिळाला तर दोष घराचा, नाही तर कंपनीचा. आपल्या रोझेटला अशी सोय नव्हती. परिणामी लाइनमन घरातील वायरिंगकडे बोट दाखवी आणि ग्राहक रस्त्यावरील खड्ड्याकडे. बहुतेकदा दोघांचेही थोडेथोडे खरे असे.

दुसऱ्याकडे जाण्याची वाटही अरुंदच होती. बीएसएनएल व एमटीएनएलची तांब्याची जाळी खासगी सेवादारांना खुली करावी, अशी शिफारस प्राधिकरणाने २००४ मध्येच केली होती. त्याच वर्षीच्या धोरणाने ती सक्तीची केली नाही. २०१० पर्यंत दोन कोटी ब्रॉडबँड ग्राहकांचे लक्ष्य होते, ते वर्ष सरले तेव्हा संख्या जेमतेम १ कोटी १० लाखांच्या घरात होती.

आता फायबरमुळे स्प्लिटरची डबी अडगळीत गेली आहे. फायबरवर फोन वाजल्याने लिंक तुटत नाही आणि तांब्यासारखी चार-पाच किलोमीटरची धास्तीही नसते. वाद मात्र तसाच उरला आहे. कंपनी दारात १०० मेगाबिट आणून देते आणि दोन भिंतींपलीकडच्या खोलीत वायफायवर त्यातले थोडेच पोहोचते. अशा वेळी कंपनीचा माणूस लॅपटॉप केबलने थेट राउटरला जोडून आकडा दाखवतो. पॅरलल फोन सोडवून मोडेमचा आकडा पाहण्याचीच ही नवी आवृत्ती. फरक इतकाच, की आता ही चाचणी कंपनीच्या सोयीची आहे.