'आंतरराष्ट्रीय' राहू द्या, आधी एक 'विभागीय' परिषद तरी धड भरवा!

जानेवारी उजाडला की आपल्याकडे दोन हंगाम एकदम येतात. एक हुरड्याचा आणि दुसरा कॉलेजांतल्या परिषदांचा. हुरड्यातून निदान पोट तरी भरतं.

बॅनरवर लिहिलेलं असतं 'एकदिवसीय आंतरराष्ट्रीय परिषद'. आंतरराष्ट्रीय कशी, तर परदेशातले कुणी सर वीस मिनिटं ऑनलाइन येणार आणि त्यातली निम्मी "आवाज येतोय का?" मध्ये जाणार. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ, संस्थाध्यक्षांचं मनोगत उरकून बीजभाषणाला तोंड फुटेपर्यंत जेवणाची वेळ होते. दुपारी तीन वर्गांत समांतर सत्रं. माणशी चार मिनिटं. सत्राध्यक्ष म्हणतात, "फक्त निष्कर्ष वाचा." प्रश्नोत्तरांना वेळ नाही, पण प्रमाणपत्रांसाठी रांग मात्र शिस्तीत लागते.

आता लगेच प्राध्यापकांना शिव्या घालू नका. दुखणं नियमात आहे. यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत निबंधवाचनाचे गुण ठरवलेत: राज्य किंवा विद्यापीठ पातळीवर २, राष्ट्रीय ३, देशातच भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेला ५, परदेशातल्या परिषदेला ७. म्हणजे शेजारच्या जिल्ह्यातल्या माणसाशी बोललात तर सगळ्यात कमी गुण! मग कोण कशाला 'विभागीय' म्हणेल? नॅकच्या अहवालातही वर्षात किती चर्चासत्रं घेतली, हे भरावं लागतं. तिथे आकडा लागतो, चर्चा लागत नाही.

याची किंमत कोण मोजतं? तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक आणि संशोधक विद्यार्थी. ज्यांचं मानधन महिनोन्‌महिने अडकलेलं असतं, तेच नोंदणीचे पैसे भरतात, वर विशेषांकात निबंध छापून यायचे वेगळे. आयएसएसएन म्हणजे नियतकालिकाचा नोंदणी क्रमांक, दर्जाचा शिक्का नव्हे, हेही त्यांना कुणी सांगत नाही.

म्हणून परिषदाच बंद करा, असं काही जण म्हणतात. साफ चूक! जवळच्या परिषदेची खरी गरज आपल्यालाच आहे. ऊसतोडीचं उदाहरण घ्या. मजूर निघतात बीडच्या गावांतून, राबतात कोल्हापूर-सांगलीच्या फडात. मागे राहिलेले म्हातारे आणि मुलांची सुटलेली शाळा बीडच्या प्राध्यापकाला दिसते. फडावरच्या खोप्या आणि मुकादमाची उचल कोल्हापूरच्या प्राध्यापकाला दिसते. दोघांकडे अर्धं अर्धं चित्र आहे. हे दोघं एका खोलीत दिवसभर बसले तर पूर्ण अभ्यास होईल. त्यासाठी परदेशी पाहुणा लागत नाही, एसटीचं तिकीट पुरतं.

आणि छोट्या मंडळींच्या परिषदेतून काही होत नाही, असं कुणी म्हणू नये. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या पुढाकाराने १९३५ साली एक परिषद भरली. तीच पुढे इंडियन हिस्टरी काँग्रेस झाली. एका शहरातल्या अभ्यासकांच्या मंडळाने देशभरच्या इतिहासकारांना व्यासपीठ मिळवून दिलं.

"नवख्यांना संधी तर मिळते ना?" हा नेहमीचा बचाव. अहो, चार मिनिटं घाईघाईने वाचून खाली उतरणं ही संधी नाही. कुणीतरी निबंध आधी वाचलाय, त्यातली चूक दाखवतंय, चांगलं पुस्तक सुचवतंय, ही संधी!

तेव्हा मागणी सरळ आहे. दिवसाला बारा-पंधराच निबंध घ्या, तेही आठवडाभर आधी सगळ्यांना पाठवा. वाचनाइतकाच वेळ चर्चेला द्या. सत्कार पाच मिनिटांत आवरा. मराठीतून मांडणाऱ्याला शेवटच्या सत्रात ढकलू नका. विषय ज्यांच्या जगण्याचा आहे, त्यातल्या एकाला तरी बोलवा. जमाखर्च आणि निबंध कॉलेजच्या संकेतस्थळावर फुकट ठेवा. उठण्याआधी दोन कॉलेजांनी मिळून करायचं एक काम ठरवा आणि पुढच्या वर्षी त्याचा हिशेब द्या. यूजीसीनेही परिषद कुठे भरली यापेक्षा तिच्यातून काय निघालं, याला गुण द्यावेत.

पुढची निमंत्रणपत्रिका हातात आली की संयोजकांना एवढंच विचारा: "सर, चर्चेला किती वेळ ठेवलाय?" उत्तर मिळालं नाही, तर नोंदणीचे पैसे खिशातच ठेवा.