शाबूत जनुक मुके का होते?



“आमच्या घराण्यात कोणालाही कर्करोग नव्हता, मग हा दोष आला कोठून?” रुग्णाच्या खाटेशी बसलेले आप्त हा प्रश्न हमखास विचारतात. दोष म्हणजे काहीतरी मोडलेले, आणि ते वाडवडिलांकडून आलेले, अशी आपली समजूत असते. काही जनुके मोडलेली असतात खरी. परंतु बहुधा ती रुग्णाच्या हयातीतच मोडलेली असतात. आज सांगावयाची हकीकत मात्र अशा जनुकाची आहे की जे न मोडताही मुके होते.

पेशी विभागतात म्हणूनच जखम भरते, मूल वाढते. या विभाजनाला लगामही हवा. असा एक लगाम म्हणजे पी-१५ नावाचे प्रथिन. ग्रेगरी हॅनन व डेव्हिड बीच यांनी १९९४ साली अमेरिकेत त्याचे वर्णन केले. पेशीला दुप्पट होण्याकडे ढकलणाऱ्या विकरांना ते अडवून धरते. रक्ताच्या काही कर्करोगांत हे प्रथिन तयारच होत नाही, आणि नवल असे की त्याचे जनुक तपासावे तर पुष्कळदा अक्षरन् अक्षर जागच्या जागी असते!

डीएनएचे दोन धागे परस्परांच्या उलट दिशेने वाचले जातात. हैदराबादेत एकाच पाटीवर देवनागरी डावीकडून व उर्दू उजवीकडून वाचावी, तसेच हे. फरक इतकाच की पाटीवरील दोन्ही ओळींचा अर्थ एक असतो. येथे तसे नाही. एका धाग्यावरून आरएनएची जी नक्कल निघते तिच्यापासून प्रथिन घडते. समोरच्या धाग्यावरून निघणारी उलटी नक्कल, म्हणजे प्रतिलोम आरएनए, कोणतेही प्रथिन घडवीत नाही. अशा नकला निरर्थक आहेत असे पुष्कळांना वाटे.

२००७ मध्ये फ्रान्समधील संशोधकांना पी-१५ च्या जनुकासमोरूनच निघणारा असा एक लांबलचक आरएनए आढळला. त्याचे नाव अ‍ॅनरिल. (तो सापडला ते कुटुंब मात्र खरोखरच आनुवंशिक अर्बुदांनी ग्रासलेले होते!) पुढच्याच वर्षी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील संशोधकांनी रक्ताच्या कर्करोगाच्या पेशी तपासल्या. जेथे प्रतिलोम आरएनए अधिक, तेथे पी-१५ कमी. त्यांनी तो आरएनए मुद्दाम पेशींत निर्माण करविला. जनुक गप्प झाले. नंतर आरएनए थांबविला, तरी जनुक गप्पच राहिले.

असे का व्हावे? २०१० व २०११ मधील प्रयोगांतून दिसले की अ‍ॅनरिल काही विशिष्ट प्रथिनांना धरून त्या जागी आणतो. ती प्रथिने डीएनएची गुंडाळी इतकी घट्ट आवळतात की आतील मजकूर वाचताच येऊ नये. मजकूर पुसला जात नाही, पोथी बांधून ठेवली जाते. सर्वच प्रतिलोम आरएनए असे घातक असतात असे मात्र नाही. कित्येक निरोगी पेशीच्या नित्य कारभारात असतात.

रुग्णांत पी-१५ च्या जनुकावर पुष्कळदा मेथिलचे रासायनिक ठसेही आढळतात. अस्थिमज्जेच्या एका विकारासाठी अमेरिकेत २००६ साली संमत झालेले डेसिटाबिन हे औषध असे ठसे कमी करते. ते या एकाच जनुकाला शोधून जात नाही, आणि सर्वांना गुणही येत नाही. तरीही काही रुग्णांच्या मज्जेत, औषधानंतर, पी-१५ पुन्हा दिसू लागले.