मागावरची पोरं आणि ऑपरेशन्सची डिग्री

मागच्या महिन्यात मालेगावला बहिणीकडे गेलो होतो. भाचा पुण्यात एमबीए करतो. पहिलं वर्ष संपलं, आता विशेष विषय निवडायचा होता. जेवताना तो म्हणाला, "मामू, मी ऑपरेशन्स घेतोय." मेहुण्यांचा घास हातातच राहिला. त्यांचे बारा यंत्रमाग आहेत. म्हणाले, "तीस वर्षं मी मागाचा खडखडाट ऐकला, तो काय तू पुन्हा कारखान्यात उभं राहावंस म्हणून? फायनान्स घे. एसीत बस."

मेहुणे चांगले गृहस्थ आहेत. त्यांच्या बोलण्यामागे तीस वर्षांची थकावट आहे, ती मला कळते. पण त्यांचं म्हणणं चुकीचं आहे आणि ते एकट्या त्यांचं नाही. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी, कुठल्याही मोहल्ल्यात जा, हेच ऐकू येतं. पोरगा शिकला म्हणजे त्यानं हातकामापासून लांब जायचं. डॉक्टर, इंजिनिअर, नाहीतर बँक. मधलं काहीच आपल्याला दिसत नाही.

ऑपरेशन्स मॅनेजमेंट म्हणजे काय? कच्चा माल आल्यापासून तयार माल गिऱ्हाइकाच्या हातात पडेपर्यंत जे जे होतं, ते सगळं. सूत किती घ्यायचं, कधी घ्यायचं, कुठल्या मागावर कुठला ताणा चढवायचा, काम कुठे तुंबतं, माल खराब का निघतो, गाडी रिकामी का परतते. पुणे विद्यापीठाच्या एमबीएत या विषयाची वेगळी शाखा आहे. मुंबईत पवईला याच कामासाठी १९६३ मध्ये राष्ट्रीय संस्था उभी राहिली, नीटी नावाची. २०२३ मध्ये तिचं आयआयएम मुंबई झालं. ज्या विषयाला आपण 'कारखान्याचं काम' म्हणून नाक मुरडतो, त्याच्या जागेसाठी देशभरातली पोरं कॅटची परीक्षा देतात.

आता मेहुण्यांना सांगितलेली गोष्ट तुम्हालाही सांगतो. टोयोटा कंपनी मोटारींमुळे जगाला माहीत आहे. पण तिचं मूळ मागात आहे. साकिची टोयोडा हा जपानमधल्या एका सुताराचा मुलगा. त्यानं आयुष्य माग सुधारण्यात घालवलं. धागा तुटला की आपोआप थांबेल असा माग त्यानं बनवला. माग स्वतःच थांबतो म्हटल्यावर एका कामगाराला अनेक माग सांभाळता आले आणि खराब कापडही निघेना. १९२९ मध्ये त्या मागाचे हक्क इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सला विकले गेले. पुढे त्याच्या मुलानं मोटारींचा धंदा सुरू केला. टोयोटाची कामाची पद्धत घडवणारे ताईची ओनो यांनीही नोकरीची सुरुवात टोयोडांच्या कापड गिरणीतच केली होती. चूक दिसली की तिथेच काम थांबवा आणि कारण शोधा, हा धडा आज जगभरच्या विद्यापीठांत शिकवला जातो. तो मागावर जन्मलेला धडा आहे. आणि मागावर जन्मलेली आमची पोरं म्हणतात, आम्हाला यातलं काही नको!

दुसरा हिशेब घ्या. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये एक साधा नियम सिद्ध केला. कामात अडकलेला माल म्हणजे रोज बाहेर पडणारा माल गुणिले त्याला लागणारे दिवस. समजा कारखान्यातून रोज दहा ताके बाहेर पडतात आणि आत अर्धवट अवस्थेत साठ ताके पडून आहेत. म्हणजे प्रत्येक ताका सरासरी सहा दिवस आत अडकतो. प्रत्यक्ष विणायला त्यातला थोडाच वेळ लागतो. बाकीचे दिवस तो कशाची तरी वाट बघत पडलेला असतो आणि त्याचं सूत उधारीवर आणलेलं असतं. मग शेठ म्हणतो, धंद्यात बरकत राहिली नाही. बरकत अल्लाहच्या हाती आहे, कबूल. पण पडून राहिलेले साठ ताके मोजायचं काम आपलं आहे. बरकत आणि हिशेब यांचं वैर कुणी लावून दिलं?

सच्चर समितीनं २००६ मध्ये सांगितलं होतं की मुस्लिम कामगार स्वतःच्या छोट्या धंद्यात इतरांपेक्षा जास्त आहेत आणि नियमित पगाराच्या नोकरीत कमी. हे वाक्य आपण भाषणात फक्त रडण्यासाठी वापरतो. त्याची दुसरी बाजू अशी की उत्पादनाचं व्यवहारज्ञान आपल्या घराघरात आहे. नाही तो कागद. कोकणातले माझ्या ओळखीचे एक चाचा बावीस वर्षं आखातात स्टोअरकीपर होते. गोदामातला प्रत्येक नट त्यांना पाठ होता. त्यांच्या डोक्यावर मॅनेजर म्हणून येणारी पोरं त्यांच्याकडूनच काम शिकायची आणि वर जायची. चाचा स्टोअरकीपर म्हणून गेले, स्टोअरकीपर म्हणूनच परतले.

कुणी विचारेल, डिग्री घेतली तरी आपल्या नावाला नोकरी देतो कोण? हा प्रश्न खोटा नाही. मुलाखतीच्या खोलीत नाव ऐकून बदललेले चेहरे मी पाहिले आहेत. ऑपरेशन्सच्या डिग्रीनं तो दरवाजा आपोआप उघडणार नाही. पण आत गेल्यावर या कामात मोजमाप असतं. माल वेळेवर गेला की नाही, किती नग परत आले, साठा किती घटला. गोड बोलण्यापेक्षा आकडा जास्त बोलतो. आकडा भेदभाव संपवत नाही, पण डावलणाऱ्याला कारण शोधायला लावतो.

आणि काम फक्त कारखान्यात नाही. उत्पादन नियोजन, खरेदी, गुणवत्ता, गोदाम, वाहतूक, बंदर, विमानतळ, हॉस्पिटलची ओपीडी, सगळीकडे हीच विद्या लागते. २००६ च्या चेंगराचेंगरीनंतर मिनामध्ये जमरातचा जुना पूल पाडून बहुमजली पूल बांधला, येण्याजाण्याच्या वाटा वेगळ्या केल्या, हाजींच्या जथ्यांना वेळा ठरवून दिल्या. तेही याच विद्येचं काम. २०१५ मध्ये मिनातच पुन्हा शेकडो जीव गेले, म्हणजे ते काम अजून संपलेलं नाही. पोरांना हेही खरं सांगा की सुरुवातीला रात्रपाळी असेल, चाकण किंवा वाळूजच्या शेडमध्ये उभं राहावं लागेल, एसी नसेल.

कॉलेजांनाही सोडता येत नाही. यंत्रमागाच्या गावातली मॅनेजमेंट कॉलेजं पोरांना जपानच्या गोष्टी पाठ करून घेतात आणि दहा मिनिटांवरच्या मागाच्या कारखान्यात एकदाही नेत नाहीत. आणि आपल्या जमाती, आपले ट्रस्ट? दरवर्षी नीट पास झालेल्यांचा सत्कार, शाल, फोटो. ते जरूर करा. पण बीबीए ऑपरेशन्स करणाऱ्या विणकराच्या मुलीची फी भरल्याचं मी अजून ऐकलेलं नाही.

भाच्यानं अर्ज भरला आहे, ऑपरेशन्सचाच. मेहुणे अजून नाराज आहेत. मी त्यांना एवढंच म्हणालो, "भाईजान, दिवाळीच्या सुट्टीत त्याला एक वही देऊन कारखान्यात बसवा. कुठला माग किती वेळ बंद राहतो आणि का, तेवढं लिहू द्या." ते काही बोलले नाहीत. ज्यांच्या घरी माग, बेकरी, गॅरेज किंवा भंगाराचं गोदाम आहे, त्या प्रत्येक बापाला माझं हेच सांगणं आहे. पोराला कामापासून पळवू नका. ते काम मोजायला आणि चालवायला शिकवा.