कंप हरणारी नळी

तामिळनाडूत कुंभकोणमहून मयिलाडुतुरैच्या रस्त्याला लागले, की आठेक किलोमीटरवर तिरुभुवनम् हे गाव येते. लग्नाच्या बस्त्यासाठी रेशमी साड्या घ्यायला लांबून लोक इथे येतात. साड्यांची खरेदी झाली, की बहुतेकांची पावले चोळ राजा तिसरा कुलोत्तुंग याने बांधलेल्या शिवमंदिराकडे वळतात. तिथल्या देवाचे नाव आहे कंपहरेश्वर, म्हणजे कंप हरण करणारा. ब्रह्महत्येच्या भयाने थरथर कापणाऱ्या एका राजाची थरथर या देवाने घालवली, अशी कथा सांगतात.

आवाज म्हणजे तरी दुसरे काय? हवेचा कंपच. तो हलका असेल तर कानाला गोड वाटतो, फार जोराचा असेल तर कानच घेऊन जातो. बंदुकीच्या आवाजाचा हा कंप हरण करण्यासाठी माणसाने गेली शंभराहून अधिक वर्षे जी धडपड केली, तिची गोष्ट एका बापलेकापासून सुरू होते.

बाप होता हायरम स्टीव्हन्स मॅक्झिम. अमेरिकेत जन्मलेला आणि इंग्लंडमध्ये स्थायिक झालेला हा हरहुन्नरी माणूस. १८८४ च्या सुमारास त्याने स्वतःच्या धक्क्याने आपोआप पुढची गोळी भरणारी मशीनगन बनवली. या तोफेने त्याला पैसा दिला, ‘सर’ ही पदवी दिली आणि बहिरेपणही दिले. वर्षानुवर्षे तिच्या धडधडाटाशेजारी उभे राहून म्हातारपणी त्याला ऐकू येईनासे झाले.

मुलगा हायरम पर्सी मॅक्झिम अमेरिकेतच वाढला आणि इंजिनिअर झाला. न्हाणीघरातल्या टबातले पाणी मोरीत जाताना गोल गोल भोवरा धरते, हे पाहून त्याला कल्पना सुचली, असे तो सांगत असे. बंदुकीतून गोळीमागोमाग सुटणारा वायूही असाच गरगर फिरवला तर? वायू हळूहळू बाहेर पडेल आणि धडाका होणार नाही. ३० मार्च १९०९ रोजी त्याला या सायलेन्सरचे पेटंट मिळाले.

त्यामागचे तत्त्व कुकरच्या उदाहरणाने चटकन समजते. वाफ कोंडलेल्या कुकरचे झाकण एकदम उडाले तर केवढा आवाज होईल! तीच वाफ शिटीतून थोडी थोडी सोडली, की काम भागते. बंदुकीच्या तोंडाला लावलेल्या नळीत आडव्या चकत्यांचे कप्पे असतात. तापलेला वायू कप्प्याकप्प्यांत अडतो, पसरतो, निवतो आणि जोर ओसरल्यावर बाहेर येतो.

पण पहिलाच नमुना परिपूर्ण निघाला, असे कोणत्या शोधात घडले आहे? जाडजूड नळी बंदुकीवर चढवली, की नेम धरण्याच्या रेषेतच ती आडवी येई. म्हणून १९१० च्या नमुन्यात गोळीचे भोक नळीच्या मधोमध न ठेवता वरच्या बाजूला सरकवण्यात आले. त्यामुळे नळीचा फुगवटा खाली गेला आणि नजर मोकळी झाली. पुढे १९१२ आणि १९१५ मध्ये आणखी सुधारित नमुने आले. अमेरिकन सैन्यानेही त्यांची चाचणी घेतली.

एक गोष्ट मात्र कोणत्याच नमुन्याला साधली नाही आणि साधणारही नाही. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, तर रायफलची गोळी ८०० मीटरच्याही पुढे. ध्वनीला मागे टाकणारी गोळी वाटेभर चाबकासारखा कडाका काढत जाते आणि तिथे नळीचा काही इलाज चालत नाही. सिनेमातला ‘फुस्’ असा आवाज हा सिनेमातच! रायफलचा मूळ आवाज १६० डेसिबलच्या आसपास असतो. चांगली नळी तो १३० च्या घरात आणते. डेसिबलच्या हिशेबात तीस अंकांची घट म्हणजे आवाजाची शक्ती हजारपटीने कमी होणे. तरी जे उरते तेही थोडेथोडके नसते.

चोरट्या वापराच्या भीतीने अमेरिकेने १९३४ मध्ये सायलेन्सरवर २०० डॉलरचा कर बसवला. तेव्हा ही रक्कम सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरची होती. १ जानेवारी २०२६ पासून हा कर शून्यावर आला, नोंदणीचे बंधन मात्र कायम आहे. खुद्द मॅक्झिमने त्यापूर्वीच बंदुकीची वाट सोडली होती. त्याच्या कारखान्याने इंजिनांचा आणि यंत्रांचा गोंगाट कमी करणारे सायलेन्सर बनवायला घेतले. आपल्या दारातल्या फटफटीची पुंगळीही याच तत्त्वावर चालते.

आपल्याकडे कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीने सैन्यासाठी कार्बाइनचा आवाज दाबणारा नमुना बनवला. सामान्य नागरिकाला मात्र असली नळी बाळगायला कायद्याने मनाई आहे.

दरम्यान बनवण्याची रीत पार पालटली. पत्र्याच्या दाबून काढलेल्या चकत्यांच्या जागी संगणकाच्या हुकमाने कातलेले पोलाद आले. मग हलके टिटॅनियम आणि उष्णतेला दाद न देणारे निकेलचे मिश्रधातू आले. आता तर धातूची भुकटी लेसरने वितळवून थरावर थर चढवत नळी ‘छापली’ जाते. जुन्या नळ्यांत अडलेला वायू उलट फिरून सैनिकाच्याच तोंडावर येई. आतल्या वाटा नागमोडी छापता आल्याने तो पुढे काढून देणे सोपे झाले. २०२० मध्ये अमेरिकेच्या मरीन दलाने आघाडीवरच्या तुकड्यांना सरसकट सायलेन्सर देण्यास सुरुवात केली. त्यामागे लपून गोळी झाडण्याइतकेच महत्त्व होते ते गोळीबारात अधिकाऱ्याचा हुकूम ऐकू येण्याला आणि सैनिकाचे कान वाचवण्याला. कानात अखंड गुंजारव होत राहणे, ही तिथल्या निवृत्त सैनिकांची सर्वांत मोठी व्याधी आहे.

या व्याधीला सैन्यात जावेच लागते असे नाही. प्रत्येक कानात आवाज टिपणाऱ्या सुमारे १५ हजार सूक्ष्म केसपेशी असतात. एकदा मेलेली पेशी माणसाच्या कानात पुन्हा उगवत नाही. म्हणूनच चार मीटरवर १२५ डेसिबलहून मोठा आवाज करणाऱ्या फटाक्यांवर १९९९ च्या नियमाने बंदी आली. तरी दिवाळीत गल्लीतला बॉम्ब फुटतोच. ज्या पुंगळीने आवाज खावा, तीच पोकळ करून पोरे रात्री बुलेट उडवतात. आवाज दाबायला एक पिढी राबली, तो परत आणायला दुसरी पैसे मोजते! महाराष्ट्रात कित्येक ठिकाणी पोलिसांनी असे सायलेन्सर जप्त करून त्यांवर रोडरोलर फिरवला.

हायरम पर्सीने म्हातारपणी वडिलांवर पुस्तक लिहिले. ते १९३६ मध्ये प्रसिद्ध झाले, त्याच वर्षी तो वारला. आवाजाला वेसण घालणारा मुलगा घरातच निपजला, पण बापाचे गेलेले कान त्यामुळे परत आले नाहीत. राजाची थरथर घालवणारा देव तिरुभुवनमला आहे. आपल्या लेकरांच्या कानांची राखण मात्र घरातल्या मोठ्यांनाच करावी लागेल.