कुलवृत्तांत आणि कन्या

अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धांतील सेनाधिकाऱ्यांनीं १७८३ सालीं 'सिनसिनाटी' मंडळ स्थापिलें. सभासदत्व ज्येष्ठ पुत्राच्या वंशांत चालावें, हा त्याचा नियम. बेंजामिन फ्रँकलिन यांनीं १७८४ मध्यें कन्येस लिहिलेल्या पत्रांत गणित मांडलें : प्रत्येक पिढींत निम्मा वाटा मातृकुलाचा; म्हणजे नऊ पिढ्यांनंतर मूळ वीराचा अंश अवघा १/५१२! त्याच वर्षीं अध्यक्ष वॉशिंग्टन यांच्या आग्रहास्तव सभेनें वंशाचा नियम काढण्याचें ठरविलें; परंतु सर्व प्रांतिक शाखांची मान्यता न मिळाल्यामुळें तो राहिलाच.

आपल्या कुलवृत्तांतांतही कन्येची नोंद पुष्कळदा विवाहापाशीं थांबते. वास्तविक तिच्या अपत्यांत कुलाचा अंश पुत्राच्या अपत्यांइतकाच. येथेंही नुसत्या कुलमंडळाच्या ठरावानें भागणार नाहीं. घरोघरच्या शाखांनीं लेकींची माहिती पाठविली पाहिजे. वाचकहो, पुढील आवृत्तीपूर्वीं एवढें अवश्य करावें.